रबराची मेढ

जव्हारहून साखरशेतकडे निघालं की उतार संपताना डाव्या हाताला एक पाडा लागतो. पाड्यातलं शेवटचं घर रुपीचं. कोणालाही विचारा, तो घराकडे नाही, झाडाकडे बोट दाखवतो. भाताच्या आणि नागलीच्या या मुलखात, साग-सादड्याच्या डोंगराखाली, कारवीच्या कुडाच्या घरापुढे रबराचं झाड उभं आहे. शहरात बँकांच्या दारात कुंडीमध्ये असतं तेच. फरक एवढाच की याला कुंडी मिळाली नाही, जमीन मिळाली. मग ते जे सुटलं ते घराच्या दुप्पट उंच झालं. त्याच्या पारंब्या खाली उतरल्या, मुळं अंगणभर पसरली, आणि नवखा पाहुणा अंगणात आला की हमखास ठेच खातो. रुपी त्याला पाणी देते आणि म्हणते, "बघून चालावां."

हे झाड कोणी हौसेने लावलेलं नाही. ती रुपीच्या लग्नाची मेढ आहे.

इकडे मांडवाचा पहिला खांब, म्हणजे मेढ, उंबराचा लागतो. मांडव दोन्ही घरांना पडतो आणि दोन्ही मांडवांना मेढ लागते. ती पुरल्याशिवाय हळद नाही, आणि लग्न लावणारी ढवलेरी बाई गाण्याला तोंड उघडत नाही. त्यातही या पाड्याची रीत अशी की मेढ आपल्याच शिवारातल्या उंबराची हवी. दुसऱ्या पाड्याच्या उंबराची फांदी आणणं म्हणजे शेजारणीच्या चुलीवर आपली भाकर भाजणं. पाड्याचा उंबर वर डोंगराच्या कडेला, झऱ्यापाशी आहे. तीन पिढ्यांचे मांडव त्याच्यावर उभे राहिले. एक सोडून.

पस्तीस वर्षांपूर्वी, वैशाखात, रुपी जिवाची नवरी होऊन या अंगणात आली. जिवाचा थोरला भाऊ नवशा पहाटे कोयता घेऊन उंबराकडे गेला होता, तो उन्हं डोक्यावर आली तरी पत्ता नाही. अगदी उंबराचं फूल झालं त्याचं. वऱ्हाडी खोळंबले, ढवलेरीने दोनदा पान खाल्लं, नवरीच्या अंगावरचा घाम सुकून पुन्हा आला. शेवटी नवशा आला तो खालच्या रस्त्याकडून, धापा टाकत. खांद्यावर मनगटाएवढी फांदी आणि फांदीला हातभर लांब, तेल चोपडल्यासारखी चकचकीत पानं. पोरंसुद्धा सांगू शकत होती की हा उंबर नाही. रस्त्याकडेच्या जुन्या वनचौकीच्या कुंपणातलं ते विलायती झाड सगळ्यांच्या येण्याजाण्यातलं होतं.

ढवलेरीने एक पान खुडलं. देठातून पांढरा चीक आला. तिने तो बोटावर घेऊन बघितला आणि म्हणाली, "चीक हाय. उंबराचा भाऊबंदच तो. पुरा, वेळ जातेय."

नवशाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मना उंबरच वाटला."

या तीन शब्दांवर पाडा पस्तीस वर्षं हसला. जंगलात जन्मलेल्या माणसाला उंबर ओळखता येऊ नये म्हणजे कोळ्याला मासा ओळखता येऊ नये. नवशा पीत नव्हता, म्हणून लोकांनी ठरवलं की त्या दिवसापासून प्यायला लागला. आणि गंमत बघा, त्यानंतर पाड्यात कोणाचंही लग्न निघालं की मेढ आणायला हाच सगळ्यांत पुढे. दुसऱ्या कोणाला जाऊ देईना. एकटाच जायचा, एकटाच यायचा, आणि दरवेळी अस्सल उंबराची फांदी आणायचा. लोक म्हणायचे, एकदा पोळला, आता ताकही फुंकून पितो.

रबराची मेढ मात्र पावसाला सुरुवात झाली तशी फुटली. उंबराची मेढ दोन पावसांत कुजून जाते, ही टोकाला लालबुंद कोंब काढून उभी राहिली. तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला. मेढ फुटली, आता घर भरणार, असं म्हणाले. घर काही भरलं नाही. पाच वर्षं गेली, सात गेली. झाड दणदणीत वाढलं, त्याला करवंदाएवढी फळंही धरू लागली, पण ती हिरवीच राहायची, कडक व्हायची आणि गळून पडायची. एकही पिकायचं नाही. वर डोंगरात उंबर पिकला की हरियाल, तांबट, साळुंक्या, माकडं, सगळ्यांची जत्रा भरायची. रुपीच्या अंगणात खार यायची, फळ हुंगायची आणि टाकून जायची.

रुपीची सासू फागी हे बघत ओट्यावर बसलेली असायची. तिची जीभ अशी की मिरची परवडली. ती म्हणाली, "मेढ वांझ, मांडव वांझ." तिसरं नाव तिने घेतलं नाही, कारण तिसरी समोर भांडी घासत होती.

मग हे पाड्याने धरलं. भगताकडे नेलं, त्यानेही तेच सांगितलं. दवाखान्यात दोघंही एकदा जाऊन आले. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं, जव्हारहून नाशिकला जा म्हणाला, आणि नाशिकला काही जाणं झालं नाही. कागदापेक्षा झाड डोळ्यासमोर होतं. बारशाला, ओटीभरणाला, मांडवाला रुपीला बोलावणं असायचं, पण कामाच्या जागी. मागच्या बाजूला, तांदूळ निवडायला आणि पत्रावळी पुसायला. कोणी तोंडावर वाईट बोललं नाही. तेच जास्त लागायचं.

फागीने मुलाला दहा वेळा सांगितलं, झाड तोड. जिवा एरवी आईच्या शब्दाबाहेर नव्हता. एवढ्या एका बाबतीत तो ऐकेना. "आई, तुझ्या लग्नाची मेढ कवाच कुजली," तो म्हणायचा, "माझी उभी हाय. कशाला तोडू?"

रुपीलाही सुरुवातीला झाडाचा राग यायचा. पण रोज ज्याच्या सावलीत बसायचं त्याच्यावर किती दिवस रागावणार? हळूहळू तिला दिसू लागलं की झाडाकडे कोणी येत नाही हे काही खरं नाही. जेवायला सगळे उंबरावर जात आणि झोपायला रुपीकडे येत. वाळक्या फांदीत तांबटाने भोक पाडून घर केलं. पारंब्यांच्या गर्दीत पिंगळ्यांची जोडी राहिली. तांबड्या मुंग्यांनी पानं शिवून गोळे केले. एक उदमांजर दिवसभर ढोलीत झोपायचं आणि शेपूट बाहेर विसरायचं. पाड्यातल्या पोरी यायच्या त्या कोंबांची लाल टोपणं गोळा करायला. नवीन पान उलगडलं की ते लांब टोकदार टोपण गळून पडतं, ते बोटांवर चढवलं की राणीची नखं होतात. त्या पोरींना त्यांच्या आया हाका मारून परत नेत. पोरी पुन्हा येत.

झाडाने रुपीला धंदाही दिला, तो असा. जव्हारच्या बळवंतरावांची रोपांची नर्सरी आहे. एकदा त्यांची मोटरसायकल पाड्यापाशी पंक्चर झाली. पाणी प्यायला आले ते झाडाखालीच उभे राहिले. म्हणाले, "रुपीबाई, या झाडाला बी नसतं म्हणून रडू नका. याचं बाळंतपण फांदीवर होतं." आणि त्यांनी तिला गुटी बांधायला शिकवली. अंगठ्याएवढी फांदी निवडायची. दोन बोटं रुंद सालीचं कडं काढायचं. चीक भळाभळा येतो, तो पुसत राहायचा, हाताला लागला तर राखेने घासायचा. उघडं लाकूड एक दिवस वाळू द्यायचं, मग ओलं शेवाळ दाबून वरून प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं बांधायची. पावसात दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकच्या आत पांढरी मुळं दिसायला लागतात. ती तांबूस झाली की फांदी खालून कापायची, पिशवीत लावायची, झालं नवीन झाड.

रुपीच्या हाताला गुण होता. दहा गुट्या बांधल्या तर नऊ धरायच्या. बळवंतराव टेम्पो पाठवायचे आणि रुपीची रोपं नाशिकला, ठाण्याला, मुंबईला जायची. जिवा पिशव्या मोजून टेम्पोत चढवायचा आणि प्रत्येकीला म्हणायचा, "जा बाय, नीट राहा." ज्या झाडाला पाडा वांझ म्हणत होता त्याची लेकरं कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत पंख्याखाली उभी होती. रुपीला हे कळत होतं आणि ती ते कोणाला सांगत नव्हती. सांगून काय, हसले असते.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात जिवा तापाने गेला. मग ती आणि झाड.

या वैशाखात नवशाच्या नातीचं, रविनाचं, लग्न निघालं. मुलगा वांगणीचा. रविना बारावी झालेली, अंगणवाडीत मदतनीस, लहानपणी रुपीच्या अंगणात सगळ्यांत जास्त वेळ राणी झालेली ती हीच. लग्नाला पाच दिवस होते. रुपीने मनाशी ठरवून टाकलं होतं की मेढीच्या आणि हळदीच्या वेळी जायचं नाही. जेवणाच्या वेळी जायचं, मागे बसायचं, पोरीच्या हातावर साडी ठेवायची आणि यायचं. आता तर ती विधवाही होती. कोणी मागे सारण्याआधी आपणच मागे बसलं की कमी लागतं, एवढं शहाणपण पस्तीस वर्षांत आलं होतं.

ती झाडाखाली पिशव्यांत माती भरत होती तेव्हा नवशा काठी टेकत आला. गुडघ्यांनी त्याला या वर्षी दगा दिला होता. एवढ्या अंतराला त्याला तीनदा बसावं लागलं. रुपीने पाणी दिलं. तो प्यायला आणि त्याने तांब्या पालथा ठेवला.

"दादा, काय काम काढलां?" रुपीने विचारलं.

"रुपे, मना फांदी पाहिजे."

"कसली?"

"ह्या झाडाची. रविनाच्या मेढीला."

रुपीला वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला. मग वाटलं, थट्टा करतोय. नवशाने उभ्या जन्मात तिची थट्टा केली नव्हती. तिने माती खाली ठेवली. "दादा, पस्तीस सालां ह्या मेढीनं माझां काय केलां, तां तुमाला दिसत नाय? पोरीच्या दारात हीच पुरता?"

"मेढीनं कायच केलां नाय," नवशा म्हणाला. "मना माहीत हाय. तवापासून माहीत हाय."

आणि त्याने सांगितलं. थांबत थांबत, जमिनीकडे बघत.

त्या पहाटे तो उंबरापाशी पोचला होता. ओळखायला काय, डोळे बांधले तरी त्याने उंबर ओळखला असता. हाताला येईल अशी एकच खालची फांदी होती. त्याने कोयत्याचा पहिला घाव घातला आणि खोडातून काहीतरी हललं. फांदीच्या बेचक्यालगत खोडात भोक होतं, चिखलाने लिंपून घेतलेलं, मध्ये फक्त फट. त्या फटीतून वाकडी चोच बाहेर आली आणि आत गेली. धनेशाची मादी होती. ती अशीच स्वतःला कोंडून घेते, अंडी घालते, पिसं टाकून देते, आणि पिलं होईपर्यंत नर बाहेरून भरवतो. नर समोरच्या सागावर बसला होता. त्याच्या घशात फळं होती आणि नवशा असेपर्यंत तो झाडाला शिवणार नव्हता. दुसरा घाव घातला असता तर कदाचित पुन्हा आलाच नसता.

"मग मी खाली उतरलो," नवशा म्हणाला. "दुसरी फांदी लई वर होती. चौकीपर्यंत पळत गेलो."

"आणि बोललात काय? मना उंबरच वाटला."

"काय बोलू? तवा तुका भगत होता. कोंडलेली धनेशीण घावली की तो आकडा घालून ओढून काढायचा. तिच्या चरबीचां तेल करायचा, सांधेदुखीला. मी मांडवात खरां बोललो असतो तर हळद सुकायच्या आधी तो वर गेला असता."

म्हणूनच तो दरवर्षी मेढीला एकटा जात होता. उंबराच्या पलीकडच्या अंगाला फांदी वाढू दिली आणि दरवेळी तिकडूनच, आवाज न करता, घेत आला. त्याच भोकात दर साल धनेश येत राहिले. पण गेल्या वादळात पलीकडची बाजू मोडून पडली. आता हाताला येणारी एकच उरली, ती भोकालगतची. नवशाला डोंगर चढवत नाही. मेढ आणायला त्याचा नातू नीलेश जाणार, जो भिवंडीच्या गोदामात काम करतो आणि येताना बॅटरीवर चालणारी करवत घेऊन आला आहे. आजोबाने त्याला सांगून बघितलं की हातानेच तोड, वरची तोड. तो म्हणाला, "बाबा, टेन्शन नाय लेनेका. दोन मिनिटाचां काम."

रुपी सगळं ऐकत होती. तिच्या बोटांवर माती वाळली होती.

"जिवाला ठाऊक होतां?" तिने विचारलं.

"नाय. कोणालाच नाय."

"पस्तीस सालां," रुपी म्हणाली. "सासू मना मेढीवरनां बोलायची तवा तुमी ओट्याला बसलेले असायचे, दादा. तंबाखू मळत. एका पाखरासाठी."

पहिल्या वर्षी नवशाला तुकाची भीती होती. नंतर लाज होती. सात वर्षांनी कोण विश्वास ठेवणार, कशाला उंबर फोडून आतली केंबरं, चिलटं, उडवायची, असं म्हणत म्हणत त्याचे केस पांढरे झाले. हसू त्याच्या वाट्याला आलं, ते त्याने सोसलं. पण हसू आणि रुपीच्या वाट्याला जे आलं ते, यांची तुलना होत नाही. ते त्याला ठाऊक होतं.

"जा दादा," रुपी म्हणाली. "मना कामां हायेत."

तो गेला. तिने त्या दिवशी एकही पिशवी भरली नाही. राग असा होता की तांब्या उचलून आपटावासा वाटत होता, आणि आपटायचा कोणावर? फागी मेली, तुका मेला, जिवा गेला. नवशा तर गुडघे धरून रस्त्यात बसला असेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती डोंगर चढली. खोटं असेल तर एकदाचं कळू दे, असं म्हणत चढली. झऱ्यापाशी पोचली तेव्हा ऊन उंबराच्या शेंड्यावर आलं होतं. ती लांब, सादड्याच्या बुंध्याला टेकून बसली. खोडाखाली बिया आणि विष्ठेचा थर होता. भोक तिला आधी दिसलंच नाही, चिखल सालीच्याच रंगाचा होता. मग फट दिसली.

खूप वेळ काही झालं नाही. ती उठणार एवढ्यात तो आला, राखी रंगाचा, जड पंखांचा, चोचीवर टेंगूळ असलेला. इकडेतिकडे बघून खोडाला बिलगला, मान झटकली आणि घशातून एक उंबर चोचीत आणला. फटीतून दुसरी चोच आली, उंबर आत गेला. त्याने पुन्हा मान झटकली. पुन्हा एक. असे सात-आठ झाले, आणि मग आतून बारीक किरकिर ऐकू आली, एकापेक्षा जास्त गळ्यांची. नर उडून गेला.

तो गेल्यावर रुपी झाडाजवळ गेली, अगदी जवळ नाही. खालच्या फांदीच्या मुळाशी कोयत्याची एक जुनी खाच होती. एकच. साल तिच्याभोवती ओठासारखी जाड होऊन मिटत आली होती, तरी खाच होती. नवशाने खोटं सांगितलं नव्हतं. दुसरा घाव घातलाच नव्हता.

ती तिथेच खाली बसली आणि रडली. जिवा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. तिला स्वतःसाठी रडू आलं, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, पाखरासाठी नाही. आपल्या मांडवाचं काही चुकलं नव्हतं. आपलंही काही चुकलं नव्हतं. एवढं साधं वाक्य एकदा कोणी ओट्यावर बसून म्हटलं असतं तर तिचे दिवस वेगळे गेले असते.

उतरताना मात्र तिचं डोकं चालू लागलं. तिने विचार केला की नवशाला सांगावं, फांदी देते, पण भर मांडवात उभं राहून खरं बोला. तिचा हक्कच होता तो. वांगणीचे पाहुणे, पाडा, सगळ्यांसमोर. मग तिच्या डोळ्यांसमोर नीलेश आणि त्याचे मित्र आले. तेल काढणारा तुका आता नाही, पण गलोली आहेत आणि मोबाइल आहेत. संध्याकाळच्या आत वीस पोरं वर जाऊन व्हिडिओ काढणार, बाहेर ये म्हणून भोकावर खडे मारणार. नर समोरच्या सागावर घशात फळं घेऊन बसून राहणार, आणि आत ते बारीक गळे किरकिरत राहणार. खरं बोलायचं असेल तर पिलं उडून जाईपर्यंत थांबावं लागेल, आणि लग्न गुरुवारी होतं.

तिने नवशाकडे निरोप पाठवला नाही. नवशाही आला नाही.

गुरुवारी सकाळी नवशाच्या अंगणात माणसं जमली होती. मेढीचा खड्डा खणून तयार होता. ढवलेरी, म्हणजे त्या जुन्या ढवलेरीची मुलगी, पाटावर बसली होती. नीलेशने करवत खांद्याला लावली, दोघा मित्रांना हाक मारली. नवशा दाराशी काठी धरून उभा होता आणि त्याचा चेहरा आजारी माणसासारखा दिसत होता. तो दोनदा नीलेशकडे गेला, दोनदा परत आला.

तेवढ्यात रुपी आली. नेसूचं धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, आणि खांद्यावर मनगटाएवढी फांदी, हातभर पानांची. चीक कोपरापर्यंत ओघळून वाळला होता. ती मागच्या दाराला गेली नाही. मधल्या वाटेने सरळ खड्ड्यापर्यंत आली आणि तिने फांदी जमिनीवर टेकवली.

रविनाची आई पुढे आली. बाई वाईट नव्हती, घाबरली होती. "काकी," ती हळू म्हणाली, "हां रबराचां हाय. वांगणीची माणसां काय म्हणतील? पोरीला आयुष्य काढायचां हाय."

"म्हातारा कुठंय?" मागून कोणीतरी म्हणालं. "नवशाबाबानेच सांगितला असेल. त्याला उंबर कळत नाय." थोडं हसू झालं.

नवशा पुढे सरकला. त्याने तोंड उघडलं. इतकी वर्षं दाबलेलं आता तो बोलणार हे रुपीला त्याच्या ओठांवरून दिसलं, आणि तिने त्याला बोलू दिलं नाही.

"दादांचां काय नाय यात," ती मोठ्याने म्हणाली. "माझी हौस हाय. मीच हट्ट धरला. ही पोर माझ्या अंगणात वाढली, तिची मेढ माझ्या झाडाची. नीलेश, करवत ठेव. वर जायचां नाय."

"हौस," एक म्हातारी कुजबुजली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "स्वतःचां घर रिकामां, आणि हौस बघ."

रुपीला ते ऐकू गेलं. तिचा हात फांदीवरून हलला नाही.

घरातून रविना ओट्यावर आली होती. तिने एकदा रुपीकडे आणि एकदा आजोबाकडे बघितलं. काय चाललंय हे तिला कळलं नसणार, पण आजोबाचे डोळे तिने कधी असे बघितले नव्हते. "आई," ती म्हणाली, "मांडव माझा आहे ना? मग असू दे. रुपी आजीचं झाड वादळात पडलं नाही."

ढवलेरीने फांदीचं पान खुडलं, चीक बघितला आणि नवशाकडे मान वर केली. घरातला थोरला तो. नवशा काठी टाकून खड्ड्यापाशी गुडघ्यांवर बसला. बसताना त्याला दुखलं ते सगळ्यांना दिसलं. त्याने फांदीचं बूड खड्ड्यात सोडलं आणि रुपीला म्हणाला, "धर. सरळ धर."

मेढ धरायचा मान सवाष्णीचा. कोणीतरी खाकरलं. नवशाने वर बघितलंच नाही, तो हातांनी माती लोटत राहिला. रुपीने दोन्ही हातांनी मेढ धरली.

तीच म्हातारी पुढे आली आणि आता कुजबुजलीही नाही. "आणि उद्या पोरीच्या पोटीही काय नाय आलां, तर आमी कोणाला विचारावां?"

"मना विचारा," रुपी म्हणाली. "दादांना नको. मना."

नवशाचे हात थांबले. मग तो पुन्हा माती लोटू लागला, आणि ढवलेरीने गळा साफ करून गाणं सुरू केलं.